पासवर्ड मॅनेजर कोणता घ्यायचा? घरच्या ग्रुपवरची चर्चा

पासवर्ड मॅनेजर म्हणजे आपले सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप. त्यावरून शनिवार-रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं सगळ्यांना विचारून इथे ठेवतेय. नुसते अंगठे आणि ‘हो हो’ तेवढे गाळलेत.

शनिवार

आत्या: पोरांनो, माझा पासवर्ड कुठल्याशा डेटाचोरीत सापडला असा ईमेल आलाय. ज्या साईटवरून गेला म्हणतात ती मी चार वर्षांत उघडलेलीसुद्धा नाही. काळजी करायची का?

मी: आत्या, त्या ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नकोस. आधी हे सांग, तोच पासवर्ड अजून कुठे कुठे आहे?

आत्या: सगळीकडे तोच गं. कुठे शेवटी १, कुठे २.

मी: मग आज बसावं लागेल. चोरांना त्या जुन्या साईटशी काही देणंघेणं नसतं. ते तिथला ईमेल आणि पासवर्ड उचलतात आणि प्रोग्रॅम लावून शेकडो ठिकाणी वापरून बघतात. शेवटचा आकडा बदलून बघणं त्यांना अवघड नाही. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए तपासणाऱ्या कंपनीत हेच झालं. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून साधारण १४ हजार खाती उघडली गेली. तिथे नातेवाईक एकमेकांना दिसायची सोय होती, त्यामुळे माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची. त्यातल्या बहुतेकांच्या स्वतःच्या पासवर्डला काही झालं नव्हतं. नात्यातल्या कुणाचा तरी पासवर्ड दोन ठिकाणी सारखा होता, एवढंच.

वहिनी: बापरे. म्हणजे एकाचं चुकलं आणि सगळं घर उघडं पडलं.

मोठे काका: माझी डायरी आहे. कपाटात असते. ती कोण हॅक करणार?

मी: काका, तुमच्या डायरीला मी नावं ठेवणार नाही. लांब बसलेला चोर कपाटात हात घालू शकत नाही, हे अगदी खरं. पण हाताने लिहायचं आणि बघून टाइप करायचं म्हटलं की आपण पासवर्ड छोटा ठेवतो आणि तोच तोच वापरतो. तुमच्या डायरीत वीस अक्षरांचा एक तरी पासवर्ड आहे का?

मोठे काका: नाही. सगळ्यात मोठा नऊ अक्षरांचा आहे.

दादा: मला पासवर्ड मॅनेजरचं वेगळं ॲप कशाला हवं तेच कळत नाही. ब्राउझर विचारतो, सेव्ह करू का? मी हो म्हणतो. झालं काम.

मी: काहीच नसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. गूगलचा पासवर्ड मॅनेजर किंवा ॲपलचं ‘पासवर्ड्स’ ॲप वाईट नाही. ॲपलने तर २०२४ च्या सप्टेंबरात आयओएस १८ बरोबर ते वेगळं ॲप म्हणून दिलं. पण दादा, तुझ्या फोनचा पिन घरात कुणाकुणाला माहीत आहे?

दादा: दोन्ही मुलांना. गेम डाउनलोड करायला लागतो.

मी: मग तोच पिन टाकून तुझे सगळे पासवर्ड बघता येतात. मुलांबद्दल मला शंका नाही. पण फोन हातातून गेला आणि कुणी मागून पिन टाकताना बघितला असेल, तर तिजोरीचीही किल्ली तीच. दुसरं म्हणजे तुझा फोन अँड्रॉइड आणि वहिनीचा आयफोन. ॲपलचं ॲप अँड्रॉइडवर चालत नाही. घरात दोन तऱ्हेचे फोन असले की दोन्हीवर चालणारंच काहीतरी घ्यावं.

वहिनी: मी वर्षभर बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर वापरतेय. एक सांगते. मागच्या महिन्यात पार्सल अडकलंय म्हणून मेसेज आला. लिंक उघडली तर पुढे पैसे भरायचं पान, अगदी आमच्या बँकेसारखं. रंग तोच, चिन्ह तेच. मी पासवर्डच्या चौकटीवर बोट ठेवलं तर ॲपने काहीच सुचवलं नाही. एरवी लगेच माझं नाव दाखवतं. दोनदा करून बघितलं. मग वरचा पत्ता एकेक अक्षर वाचला, तर मधे एक ‘एल’ जास्त होता. माझ्या डोळ्यांना तो दिसलाच नसता.

मी: वहिनी, पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षाही मला याचाच उपयोग जास्त वाटतो. ॲप चेहऱ्याला भुलत नाही, पत्ता बघतं. म्हणून सगळ्यांनी एक नियम ठेवूया. ॲप आपणहून भरत नसेल तर हाताने कॉपी करून भरायचं नाही, आधी पत्ता वाचायचा.

मोठे काका: पण सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीला लावायच्या आणि ती खुंटी परक्या कंपनीच्या भिंतीत. त्या कंपनीतच चोरी झाली तर?

मी: रास्त प्रश्न आहे काका, आणि तसं झालेलंही आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीत चोर शिरले. ऑगस्टमध्ये पहिली बातमी आली आणि डिसेंबरात कंपनीने सांगितलं की ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रतीसुद्धा गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणाचं खातं कोणत्या साईटवर आहे ते पत्ते उघडेच होते.

अशा वेळी चोराच्या हातात बंद पेटी असते आणि तो घरी बसून हवा तेवढा वेळ किल्ल्या लावून बघतो. तिथे दोनच गोष्टी आपल्याला वाचवतात. एक, आपला मास्टर पासवर्ड, म्हणजे ॲपची तिजोरी उघडायचा पासवर्ड. दुसरी, प्रत्येक किल्ली लावून बघायला त्याला किती मेहनत पडते ती. ॲप मास्टर पासवर्ड हजारो वेळा दळून त्यातून खरी किल्ली काढतं. जितक्या फेऱ्या जास्त, तितका चोराचा वेळ जास्त. लास्टपासच्या नव्या खात्यांना १,००,१०० फेऱ्या होत्या, पण कितीतरी जुनी खाती ५,००० वरच राहिली होती, काही त्याहूनही खाली. त्याच पद्धतीला ओवास्प ही सुरक्षेवर काम करणारी संस्था ६,००,००० फेऱ्या सुचवते.

मोठे काका: म्हणजे जुन्या ग्राहकांचंच जास्त नुकसान.

मी: हो, आणि मला त्याचाच राग येतो. कुलूप जुनं झालं तर कंपनीने ते आपणहून बदलायला हवं होतं.

दादा: मग ढगात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवूच नका. कीपास आहे ना! २००३ पासून आहे, फुकट आहे, सगळं एका फाइलमध्ये आणि फाइल आपल्याकडे.

मी: तुझ्यासाठी कीपास उत्तम. संगणकावर कीपासएक्ससी घाल, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स. पण फाइल फोनवर कशी न्यायची, दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले तर खरी कोणती, बॅकअप कोण घेणार, हे सगळं तुझ्या अंगावर. तू ते करशील. आत्याला ते करायला लावू नये असं मला वाटतं.

वहिनी: आणि वनपासवर्ड? ऑफिसात सगळे तेच वापरतात.

मी: चांगलं आहे. त्यात मास्टर पासवर्डच्या जोडीला ३४ अक्षरांची एक गुप्त किल्ली असते. ती आपल्या यंत्रावर तयार होते, कंपनीकडे नसते. म्हणजे कंपनीत चोरी झाली आणि आपला पासवर्ड अगदीच साधा असला, तरी नुसत्या अंदाजाने पेटी उघडत नाही. पण ती किल्ली लिहिलेला कागद हरवला आणि जुनं यंत्रही हाताशी नसलं, तर नव्या फोनवर आपणच बाहेर. शिवाय कायमची फुकट योजना नाही. बिटवॉर्डनच्या फुकट योजनेत यंत्रं कितीही जोडता येतात आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो.

आत्या: एक विचारू? तुम्ही सगळे चोराबद्दल बोलताय. मला दुसरीच भीती आहे.

आत्या: आतोबा गेले तेव्हा त्यांच्या लॅपटॉपचा पासवर्ड डायरीत होता. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला. मी चारही घालून बघितले. एकही चालला नाही, नंतर कधीतरी बदलला असणार. नऊ वर्षांचे फोटो आहेत त्यात. तो लॅपटॉप अजून कपाटात आहे, दर दोन-तीन महिन्यांनी चार्जिंगला लावते. विजेच्या बिलाचं खातं उघडायलासुद्धा मला तेव्हा महिना लागला होता. तुमच्या ॲपमध्ये सगळं गेलं आणि मी विसरले, किंवा मीच नसले, तर तुम्ही काय करणार?

मी: आत्या, मी इतका वेळ फेऱ्या मोजत बसले आणि हा प्रश्न तूच विचारलास. आता ॲप यावरूनच ठरवूया.

दादा: आत्या, तो लॅपटॉप मी येईन तेव्हा मला दे. आतली डिस्क एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली नसेल तर पासवर्डशिवायही फोटो निघतात. केलेली असेल तर नाही निघणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. पण बघू तरी दे.

आत्या: बघ बाबा. जपून मात्र.

रविवार

मी: रात्री सगळं वाचून काढलं. बिटवॉर्डन आणि वनपासवर्ड दोघांकडेही आपला मास्टर पासवर्ड नसतो. त्यामुळे विसरलो तर ‘फरगॉट पासवर्ड’ दाबून नवा मिळत नाही. म्हणूनच ते सुरक्षित आहेत आणि म्हणूनच आत्याची भीती खरी आहे. वनपासवर्डच्या फॅमिली योजनेत घरातला एक जण दुसऱ्याचं खातं परत मिळवून देऊ शकतो. बिटवॉर्डनमध्ये ‘इमर्जन्सी ॲक्सेस’ आहे. आत्याने माझं नाव घातलं की मी कधीही विनंती करू शकते. मग तिने ठरवलेले दिवस थांबायचं. तेवढ्यात तिने नाही म्हटलं तर मला काही दिसत नाही, काहीच उत्तर आलं नाही तर दार उघडतं. त्यासाठी तिला पैसे भरावे लागतील, मला नाही.

आणि ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी लक्षात ठेवा. ॲपलमध्ये ‘लेगसी काँटॅक्ट’ नेमता येतो. त्या माणसाला आपल्यामागे फोटो मिळतात, पण साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत.

वहिनी: हे मला माहीत नव्हतं. मी तर त्याच भरवशावर होते.

मी: माझं मत सांगते. आत्या, काका आणि वहिनी, बिटवॉर्डन. आत्याने पैसे भरून इमर्जन्सी ॲक्सेस घ्यावा. दादा, तुला हवं तर कीपास. पण ॲप कोणतंही असो, एक कागद प्रत्येकाने करायचाच.

मोठे काका: कागदावर काय लिहायचं?

मी: मास्टर पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि टू-स्टेपचा रिकव्हरी कोड. टू-स्टेप म्हणजे पासवर्डनंतर दुसरा कोड मागतात ते, आणि तो मिळत नसेल तेव्हा रिकव्हरी कोड लागतो. ईमेलचा पासवर्ड का, ते बघा. टू-स्टेप लावलेलं नसेल तर नव्या फोनवरून आत शिरताना बिटवॉर्डन ईमेलवर कोड पाठवतो. ईमेलचा पासवर्ड फक्त बिटवॉर्डनच्या आत असेल तर? पेटीची किल्ली पेटीतच राहिली. कागद पाकिटात घालून बंद करायचा, महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवायचा आणि घरातल्या एकाला जागा सांगायची. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. काका, तुमचं कपाट यासाठी झकास आहे.

मोठे काका: हे पटलं. आता मास्टर पासवर्ड कसा करू? नातवाचं नाव आणि साल चालेल?

मी: नको काका, ते कोणीही ओळखेल. म्हण किंवा गाण्याची ओळही नको. जाडजूड शब्दकोश घ्या. काकूंना मनात येईल तो पान क्रमांक सांगायला सांगा, पान उघडा, डोळे मिटून बोट ठेवा. बोटाखालचा शब्द घ्यायचा. असे पाच शब्द. आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, आपण निवडायला लागलो की अंदाज बांधता येतो. ‘नांगर खिडकी मोजणी पाटी कासव’ असं काहीतरी येईल. हे मात्र वापरू नका, आता ते ग्रुपवर आलं.

आत्या: मी केलं! पाच शब्द. पण मराठीत टाइप करू की इंग्रजी अक्षरांत?

मी: इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही.

आत्या: दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा वेगळं झालं. ‘खिडकी’त ‘ड’ नंतर ‘ए’ घालायचा की नाही?

मी: हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. काहीही चालेल, पण एकदा ठरव आणि कागदावर त्याच अक्षरांत लिही, देवनागरीत नको. नाहीतर तुझ्यानंतर कागद वाचणारी मी ‘ए’ घालेन आणि दार उघडणारच नाही.

आत्या: लिहिलं. ‘ए’ नाही.

दादा: अगं ग्रुपवर सांगू नकोस!

आत्या: ते तुझ्या बहिणीच्या उदाहरणातलं सांगितलं. माझ्या पाचांत खिडकी नाहीच.

मी: छान. आता सगळी खाती आजच बदलायला जाऊ नका, दमून सोडून द्याल. आज फक्त ईमेल आणि बँक. ईमेल सर्वांत आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. उरलेली खाती जेव्हा उघडाल तेव्हा बदला. आणि पुढचा आठवडाभर रोज एकदा लॉगआउट करून मास्टर पासवर्ड हाताने टाइप करा. बोटांचा ठसा लावला की तो विसरायला होतो.

वहिनी: पासकी म्हणून विचारतात ते घ्यायचं का?

मी: मिळेल तिथे घे. ती फोनने किंवा ॲपने त्या साईटपुरती बनवलेली किल्ली असते. त्यात पासवर्डच नसतो, त्यामुळे खोट्या पानावर देण्यासारखं काही उरत नाही. बिटवॉर्डनमध्ये साठवताही येते.

मोठे काका: आणि उद्या ही कंपनी बंद पडली तर?

मी: सगळं बाहेर काढून दुसरीकडे नेता येतं. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑथेंटिकेटर ॲपमध्ये पासवर्ड ठेवायची सोय बंद केली, तेव्हा लोकांना हलवावंच लागलं. म्हणून ‘एक्सपोर्ट’ नसलेलं ॲप घेऊच नये.

दादा: मीही बिटवॉर्डनच घेतलं. ब्राउझरमधून एक्सपोर्ट केलं, तिकडे आत घेतलं. २१४ निघाले. त्यातले ६० तरी एकसारखे.

मी: ती एक्सपोर्टची सीएसव्ही फाइल कुठे आहे आता?

दादा: डाउनलोड्समध्ये.

मी: ती साध्या अक्षरांत असते दादा. २१४ पासवर्ड, कुलूप नाही, काही नाही. आधी काढ. ब्राउझरमध्ये साठवलेलेही पुसून टाक.

दादा: काढली.

आत्या: रिसायकल बिनमधून?

दादा: आता तिथूनही काढली.