मदत हवी आहे: आईची सत्तरी, अनोळखी शहरं आणि रेस्टॉरंटांबद्दलची लोकांची मतं

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आईला सत्तर वर्षं पूर्ण होतायत. आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक असे पाच जण नेपल्स, रोम करून पॅरिसला जातोय. वाढदिवस पॅरिसला येतो. त्या दिवशी तिला सगळ्यांशी गप्पा मारत निवांत जेवता यावं, एवढंच मला हवंय.

आईच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. गोंगाट असला की समोरच्याचं बोलणं आणि मागच्या टेबलावरचा काट्याचमच्यांचा खणखणाट तिच्या कानात एकत्रच आदळतो. मग ती हळूच यंत्रं काढते, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवते आणि उरलेलं जेवण आमच्याकडे बघून हसत हसत संपवते. गेल्या वर्षी एका सहलीत हे झालं. जागा मी निवडली होती. ४.८ गुण, शेकडो मतं, जिकडेतिकडे ‘अप्रतिम’ आणि ‘चुकवू नका’. जेवण खरंच उत्तम होतं, कुणी खोटं लिहिलं नव्हतं. पण दोन तासांत आईशी कुणाचं एक वाक्य धड झालं नाही. परत आल्यावर ती मतं मी पुन्हा वाचली. आवाजाबद्दल लिहिलेलं होतं, मलाच ते कळलं नव्हतं. ‘काय माहोल आहे!’, ‘जागेला जान आहे’, ‘मित्रांचा गट असेल तर इथेच या’.

आता महिनाभर रोज रात्री मतं वाचतेय. काय लक्षात आलं ते लिहिते, चुकत असेन तर सांगा.

नुसत्या आकड्यावर माझा भरवसा उरलेला नाही. भाऊ टोकियोत असतो. जपानमध्ये लोक ताबेलोग नावाच्या साइटवर मतं बघतात आणि तिथे ३.५ म्हणजे चांगली जागा, ४ च्या वर गेलेली अगदी मोजकी. आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा ३.६ बघून मी नाक मुरडलं, तर तो म्हणाला, ‘ताई, इथे लोक पाचपैकी तीन देतात तेव्हा ते खूश असतात.’ बाकी बऱ्याच ठिकाणी ३.६ बघून आपण पुढे सरकतो. म्हणजे एका शहरातला आकडा दुसऱ्या शहराला लावताच येत नाही.

तक्रारींचंही तसंच. नेपल्सचा पिझ्झा चारशे अंशांहून अधिक तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजतात, त्यामुळे तो मधोमध मऊ, ओलसर राहतो. परदेशी पाहुणा लिहितो, ‘मध्ये कच्चा होता’, एक तारा. त्याच्याच खाली नेपल्सचा माणूस त्याच मऊपणासाठी पाच तारे देतो. इटलीत बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावतात, म्हणजे बसण्याचा आणि ब्रेडचा आकार. त्यावर ‘फसवलं’ म्हणून कितीतरी मतं आहेत. पॅरिसबद्दल सगळ्यात जास्त वाचलेली तक्रार म्हणजे ‘वेटर बिल घेऊन येतच नाही’. तिथे आपण मागेपर्यंत बिल आणत नाहीत, गिऱ्हाइकाला उठवणं असभ्य मानतात. मला ते वाचून उलट बरं वाटलं. आईला कुणी घाई करणार नाही.

खोट्या मतांची भीती वेगळीच. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने स्वतःच्या बागेतली शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या मतांच्या साइटवर टाकली आणि मित्रांकडून मतं लिहून घेत तिला शहरात पहिल्या क्रमांकावर नेलं. तिथे तोवर कुणीच जेवलेलं नव्हतं.

मग वाटलं, मिशलँ या फ्रेंच रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळालेलीच जागा घ्यावी. पण १९२६ पासून दिला जाणारा तो तारा फक्त ताटातल्या पदार्थांसाठी असतो, बसण्याची सोय त्यात धरत नाहीत. त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या झगात दांपत्याने १९७९ मध्ये सुरू केलेली पद्धत मला जास्त पटते. साध्या जेवणाऱ्यांकडून माहिती गोळा करायची आणि जेवण, सजावट, सेवा यांना तीसपैकी वेगवेगळे गुण द्यायचे. त्यात आवाजाचाही रकाना असता तर हा धागा काढावाच लागला नसता.

तर जाणकारांनो, शांत जागा मतांमधून कशी हुडकायची? कोणते शब्द बघायचे? वयस्कर आई-वडिलांना घेऊन या शहरांत कुणी जेवलंय का?

प्रतिसाद १

ताई, इंग्रजी मतं बाजूला ठेवा आणि स्थानिक भाषेतली वाचा, भाषांतराचं बटण असतंच. त्या-त्या भाषेतले शब्द त्यांच्या लिपीत टाकून मतांमध्ये शोधताही येतं. फ्रेंचमध्ये ‘ब्रुयाँ’ म्हणजे गोंगाटाचं, ‘काल्म’ म्हणजे शांत. इटालियनमध्ये ‘रुमोरोझो’ आणि ‘त्रांक्विल्लो’. मी कुठेही गेलो तरी तीन तारेवाली मतं आधी वाचतो. पाचवाला हरखलेला असतो, एकवाला चिडलेला असतो. तीनवाला शांतपणे सांगतो की जेवण चांगलं पण टेबलं इतकी जवळ की शेजारच्यांचं भांडण ऐकत बसलो. तुम्हाला नेमकं हेच वाक्य हवंय.

प्रतिसाद २

मी ध्वनीच्या क्षेत्रात काम करते म्हणून लिहिते. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं. एक टेबल चढलं की दुसरं चढतं आणि तासाभरात सगळी खोली ओरडत असते. म्हणून पहिला उपाय वेळेचा. रेस्टॉरंट उघडताच, गर्दी व्हायच्या आत जाऊन बसा.

दुसरं, शब्दांपेक्षा फोटो बघा, तेही मालकाने टाकलेले नाही, गिऱ्हाइकांनी काढलेले. उघडी फरशी, काचेच्या भिंती, उंच सिमेंटचं छत दिसलं तर आवाज घुमणारच. टेबलक्लॉथ, पडदे, गालिचा, गाद्यांच्या खुर्च्या दिसल्या तर आशा आहे. साउंडप्रिंट नावाचं अ‍ॅपही आहे, त्यात लोक त्या-त्या जागेचे डेसिबल मोजून टाकतात. तुमच्या शहरांमधल्या किती नोंदी आहेत ते बघा.

आणि आईंच्या यंत्रांना दिशा पकडणारे माइक आहेत का ते ऑडिओलॉजिस्टना विचारा. असतील तर ते समोरचा आवाज उचलतात आणि मागचा कमी करतात, म्हणजे गर्दी आईंच्या पाठीशी आणि तुम्ही सगळे समोर.

प्रतिसाद ३

माझे वडील दहा वर्षं यंत्र वापरतात. एक विचारू? आईंना स्वतःला काय हवंय ते विचारलंत का? आम्ही बाबांसाठी दर वेळी कोपऱ्यातली शांत, अंधारी जागा शोधायचो आणि त्यांना तीच नको असायची. दुपारचं जेवणही चालेल का बघा. पॅरिसमध्ये ते साधारण १२ ते २ मिळतं आणि रात्रीपेक्षा निवांत जातं, हा आमचा अनुभव.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद वाचून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, ‘आवाजाचं मी बघून घेईन गं, मला तुमची तोंडं दिसायला हवीत.’ ती अर्धं ऐकते आणि अर्धं ओठांवरून समजून घेते, हे मला ठाऊक होतं, पण जागा शोधताना एकदाही डोक्यात आलं नाही. लांबट टेबलाच्या टोकाला बसवलं की तिला दोघंच दिसतात. मंद दिव्यांची जागा मला छान वाटायची, ती तिच्यासाठी बंद दारासारखी आहे.

मेणबत्त्यांचे फोटो असलेल्या सगळ्या जागा यादीतून काढल्या. रात्रीऐवजी दुपारी बाराला जायचं ठरलंय, बाबाही खूश आहेत. साउंडप्रिंट उतरवून घेतलंय, ऑडिओलॉजिस्टची वेळ मंगळवारची मिळाली.

आता एकच विचारायचंय. पॅरिसमध्ये पाच जणांना गोल टेबल, खिडकीचा भरपूर उजेड आणि टेबलांमध्ये मोकळी जागा, अशा ठिकाणी कुणी स्वतः जेवलं असेल तर कृपया सांगा. जेवण साधंच असलं तरी चालेल.