निंटेंडोनं स्टेज सोडलं, हे चुकलंच

रानवारा:
एप्रिल २०१३ मध्ये निंटेंडो या जपानी गेम कंपनीनं सांगितलं की यंदा लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात मोठी पत्रकार परिषद होणार नाही. त्याऐवजी ११ जूनला आधीच चित्रित केलेला 'निंटेंडो डायरेक्ट' ऑनलाइन दाखवला. पुढे २०१९ ला सोनीनं प्रदर्शनाकडे पाठ फिरवली, कोविडनं उरलीसुरली घडी विस्कटली आणि १२ डिसेंबर २०२३ ला ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. डायरेक्ट बघायला मलाही आवडतं, पण स्टेज सोडणं ही चूक होती असं माझं ठाम मत आहे.

२००४ च्या परिषदेचा व्हिडिओ बघा. ज्याला पुढे 'ट्वायलाइट प्रिन्सेस' नाव मिळालं त्या झेल्डा मालिकेतल्या गेमचा ट्रेलर सुरू होतो. आपण काय बघतोय हे लक्षात येताच लोक आरडाओरडा करत उठतात. मग झेल्डाचे जनक खुद्द शिगेरू मियामोतो तलवार-ढाल घेऊन स्टेजवर येतात. अजूनही बघताना काटा येतो अंगावर. असा क्षण एडिटिंगच्या टेबलावर बनवता येत नाही.

पिक्सेलवेडा:
पण त्या सभागृहात आपल्यासारखं होतं कोण? पत्रकार, दुकानदार, वितरक. सर्वसामान्यांसाठी ई-थ्रीची १५,००० तिकिटं निघाली ती थेट २०१७ मध्ये! २०१३ ला निंटेंडोनं एकाच पंगतीत सगळ्यांना बसवणं थांबवलं. वितरकांची बैठक बंद दाराआड, पत्रकारांना गेम खेळून बघायला वेगळी वेळ आणि आपल्यासाठी डायरेक्ट. शिवाय अमेरिका-कॅनडात शंभरावर बेस्ट बाय दुकानांत ई-थ्रीमधले गेम लोकांना खेळायला ठेवले, हे कसं विसरता?

मी तेव्हा नाशिकला होतो. संध्याकाळी साडेसातला डोंगल खिडकीच्या गजाला बांधून बघत होतो, कारण रेंज तेवढ्याच कोपऱ्यात यायची. सातोरू इवाता डायरेक्टमध्ये दोन्ही हात पुढे करून 'थेट तुमच्यापर्यंत' अशी खूण करायचे. कंपनीचा अध्यक्ष माझ्याशी बोलतोय असं तोवर कधी वाटलं नव्हतं.

रानवारा:
त्याच डोंगलवर २०१२ ची परिषदही बघता आली असती. ती ऑनलाइन दाखवली होतीच. म्हणजे आपल्यासाठी दार आधीच उघडं होतं. डायरेक्टनं समोर बसलेली माणसं तेवढी उठवली.

आणि समोरच्या माणसांचा धाक असतो. डायरेक्टच्या आदल्याच दिवशी, १० जून २०१३ ला, सोनीच्या जॅक ट्रेटननी स्टेजवरून सांगितलं की त्यांच्या नव्या पीएस-फोर कन्सोलवर वापरलेले, दुसऱ्याला दिलेले गेम बिनदिक्कत चालतील. सभागृह अक्षरशः दुमदुमलं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्सबॉक्स वन कन्सोलवर त्याबाबत बंधनं घातली होती. १९ जूनला ती मागे घ्यावी लागली. इंटरनेटवरचा राग होताच, पण त्या टाळ्यांनी तो राग साऱ्या जगाला ऐकवला.

सातवा_मजला:
नाटकाच्या तालमीत वाढलेली आहे, त्यामुळे जिवंत प्रेक्षकांचं मोल मला कुणी सांगायला नको. तरीही रानवारा, मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

२०१० ची परिषद आठवा. मियामोतो 'स्कायवर्ड स्वॉर्ड' हा हात फिरवून तलवार चालवायचा झेल्डा गेम खेळून दाखवत होते. ते हात फिरवायचे, पडद्यावरची तलवार भलतीकडेच जायची. सभागृहातल्या वायरलेस उपकरणांचा अडथळा येतोय, असं त्यांना तिथेच सांगावं लागलं. २०११ ला गेम आला, माझ्या घरी तलवार हाताबरोबर व्यवस्थित वळत होती. मग खरं काय, स्टेजवरचं की घरचं? वर्षानुवर्षं राबलेल्या लोकांचं काम त्या काही मिनिटांवर का तोलायचं?

दुसरं, २०१४ ला तब्येतीमुळे इवातांना ई-थ्रीला जाता आलं नाही. त्याच जूनमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पण कार्यक्रम आधी चित्रित केलेला होता म्हणून ते त्यात दिसले. ११ जुलै २०१५ ला ते गेले, अवघ्या ५५ व्या वर्षी. ते चित्रण उरलं याचं मला फार वाटतं.

रानवारा:
इवातांबद्दल लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही.

पण इवातांची पद्धत वेगळी आणि आजची वेगळी. २ एप्रिल २०२५ चा निंटेंडोच्या नव्या स्विच-टू कन्सोलचा डायरेक्ट तासभर चालला. त्यात किंमत सांगितलीच नाही! ४४९.९९ डॉलर हा आकडा वेबसाइटवर शोधावा लागला. १९९५ च्या पहिल्या ई-थ्रीमध्ये सेगानं आपल्या सॅटर्न कन्सोलची किंमत ३९९ डॉलर सांगितली, तर सोनीचे स्टीव्ह रेस स्टेजवर आले, प्लेस्टेशनसाठी नुसतं '२९९' म्हणाले आणि खाली उतरले. किंमत तोंडानं सांगायची तर ती सांगण्यासारखी ठेवावी लागते.

पिक्सेलवेडा:
हे मान्य. किंमत लपवायला नको होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच लाइव्ह चॅटमध्ये 'किंमत कमी करा'चा पाऊस पडला ना? तोही प्रेक्षकच.

रानवारा:
पडला. आणि ५ जूनला कन्सोल त्याच किमतीला विकायला आलं.

कोकणकडा:
तुम्ही दोघं बघणाऱ्यांबद्दल बोलताय. मी एका लहान स्टुडिओत गेम बनवतो. युरोपातल्या एका प्रदर्शनात आम्ही टेबल घेतलं होतं: एक लॅपटॉप, दोन कंट्रोलर, मागे घरून नेलेली चादर. जाहिरातीला दमडी नव्हती. शेजारी एका मोठ्या कंपनीची दोन-दोन तासांची रांग. उभं राहून कंटाळलेली माणसं आमच्याकडे वळायची. एक आजोबा नातवाला घेऊन बसले, आमचा गेम पूर्ण संपवला, तोवर त्यांचा रांगेतला नंबर गेला होता. डायरेक्टमध्ये जागा मिळायला निंटेंडोनं निवडावं लागतं. त्या आजोबांनी आम्हाला निवडलं नव्हतं, त्यांना नुसती खुर्ची हवी होती.