मदत हवी आहे: लॉगबुकातला ‘आर’ मुलांना शिक्षा वाटू नये म्हणून काय करता?

नमस्कार. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. २०१९ मध्ये एमबीबीएसला नवा क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि त्याच्याबरोबर लॉगबुक, म्हणजे कौशल्यांची नोंदवही. प्रत्येक कौशल्यापुढे निर्णय लिहायचा: ‘सी’ म्हणजे झालं, ‘आर’ म्हणजे पुन्हा कर, ‘आरई’ म्हणजे आधी जादा शिकवणी, मग पुन्हा. कल्पना झकास आहे. पहिल्या फटक्यात जमलं नाही तर नाही, जमेपर्यंत कर.

प्रत्यक्षात? परवा एका मुलाने स्प्लीन (प्लीहा) तपासताना हात थेट डाव्या बरगडीखाली नेला. वाढलेली स्प्लीन तिरकी उजवीकडे खाली उतरते, म्हणून सुरुवात पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून करायची, नाहीतर खूप मोठी असली तर तिची कडाच सापडत नाही. मी त्याचा हात धरून खालून वर नेला, पेशंट आजोबांना खोल श्वास घ्यायला सांगितलं आणि कडा त्याच्या बोटांना येऊन टेकली. पोरगा असा खुलला! मग मी ‘आर’ लिहायला पेन काढलं, तर म्हणतो, “मॅडम, पेन्सिलने लिहा ना, प्लीज.”

त्याला तरी काय बोलणार? इंटर्नलच्या मार्कांवर परीक्षेला बसायला मिळणार की नाही ते ठरतं, त्यामुळे त्याला प्रत्येक शेरा हिशेबातलाच वाटतो. आणि आम्ही स्वतः व्हायव्हात बोलणी खाऊनच शिकलो. “एवढं येत नाही?” हे अजून माझ्याही तोंडून निसटतं.

मिनी-सीईएक्स करून पाहिलं. पेशंटजवळ उभं राहून बघायचं, मग पाचेक मिनिटं बोलायचं. पण फॉर्मवर एक ते नऊ आकडे आहेत. ‘चार’ दिसला की पुढचं कोणी ऐकत नाही. आता आधी बोलते, आकडा नंतर दाखवते. थोडा फरक पडला, पण बॅचमध्ये बावीस मुलं आणि मी एकटी.

यूकेत फाउंडेशन, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं पहिल्या दोन वर्षांचं प्रशिक्षण, केलेले कोणी आहेत का इथे? तिकडच्या एसएलईंना, म्हणजे सीनियरने काम बघून फीडबॅक द्यायच्या प्रसंगांना, मार्क नसतात. मग मुलं फीडबॅक मनावर घेतात, की पोर्टफोलिओ भरायचा म्हणून भरतात? इकडे कोणी विभागप्रमुखांना आकड्याशिवायचा फॉर्म पटवून दिला असेल तर तेही सांगा.

आणि मानसिकतेवरची भाषणं नकोत, वर्कशॉपात पुष्कळ ऐकली. नेमकं वाक्य हवंय. ‘आर’ लिहिताना तुम्ही समोरच्या पोराला काय म्हणता?