मुलाला 'पप्पा म्हण' असं शिकवावं का?

धागाकर्ती, विजापूर रोड: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. त्याचे बाबा गेले तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. दिवाळीनंतर मी दुसरं लग्न केलं. यांची नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडेच असते. घरातली मोठी माणसं म्हणतात, बाबांचा फोटो काढून ठेव, पोराला 'पप्पा' म्हणायला लाव, लहान आहे तोवर विसरून जाईल. मला हे साफ चुकीचं वाटतं. गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षता सोहळ्याच्या गर्दीत, नंदीध्वजांच्या उंच काठ्या दिसाव्यात म्हणून यांनी त्याला खांद्यावर घ्यायला हात पुढे केले, तर तो माझ्या ओढणीत शिरला. रात्री म्हणाला, "खांद्यावर बाबा घेतो." ते खांदे त्याला फोटोतूनच माहीत आहेत. तो फोटो मी कसा काढू? सध्या तो यांना 'काका' म्हणतो आणि यांची तक्रार नाही.

एक आजी, बाळीवेस: पोरी, राग मानू नको, मला हे पटत नाही. फोटो राहू दे, दिवाही लाव. पण ताई ज्याला पप्पा म्हणते त्याला हा काका म्हणणार, म्हणजे रोज दहा वेळा तो स्वतःलाच पाहुणा ठरवणार. गल्लीतली पोरं विचारतात, "हे तुझे कोण?" तेव्हा काय सांगेल?

अशोक चौक: आजी, मला सहाव्या वर्षी असंच शिकवलं होतं. दोन वर्षं मी हाकच मारली नाही. पाणी हवं असलं तरी जवळ जाऊन नुसता उभा राहायचो. माणूस देवासारखा होता, माझ्या शिक्षणासाठी त्यांनी कारखान्यात रात्रपाळ्या केल्या. तरी आजही त्यांना हाक मारताना जीभ अडते. सक्ती नको.

आजी, बाळीवेस: तुझ्यावर सक्ती झाली, ते वाईटच. पण लेकराच्या मनात येईल तेव्हा म्हणेल म्हणत नुसतं बसून राहणं हाही उपाय नव्हे. मोठ्यांनी वाट दाखवावी लागते.

जुळे सोलापूर: मी आजींच्या बाजूने. आडनावही एक करा. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विवाह केलेल्या विधवा आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार मान्य केला. कागदपत्रांत नव्या नवऱ्याला 'सावत्र वडील' लिहा हा उच्च न्यायालयाचा आदेशही मुलाच्या मनाचा विचार करून रद्द केला. वर्गात वेगळं आडनाव पुकारलं की पोराला रोज टोचतं.

अशोक चौक: अधिकार आईला मिळाला, घाई करा असं कोर्टाने कुठे म्हटलंय? मूल थोडं मोठं झाल्यावर त्यालाही विचारता येईल.

पूर्व भागातली एक आई: आमच्या घरात तेलुगू आणि मराठी दोन्ही. माझी पोरं एका आजोबांना ताता म्हणतात, दुसऱ्यांना आजोबा, आणि त्यांचा कधी गोंधळ होत नाही. मग एक बाबा फोटोतले आणि एक घरातले, हे का पेलणार नाही? रागावणं, अभ्यासाला बसवणं सध्या तुमच्याकडेच ठेवा, काकांकडे खेळ आणि गोष्ट. आणि एक राहूनच गेलं. त्या नऊ वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं का? पप्पा तिचे वाटले जाताहेत.

धागाकर्ती: हे वाचून काल तिला विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याने पप्पा म्हटलं तर चालेल, पण शनिवारी हुतात्मा बागेत मी आणि पप्पा दोघंच जाणार." शनिवार तिचा ठरला. आजी, पाहुण्याचं तुमचं बोलणं मनाला लागलंय, पण 'म्हण' असं मी त्याला सांगणार नाही.