लातूर : किरायदार मुद्दाम किराया देत नाही, नोटीस कशी द्यायची?

तेरणाकाठ

मदत हवी आहे. लातूर महापालिका हद्दीत मावशीचं घर आहे. वरच्या दोन खोल्या चार वर्षांपासून किरायाने दिल्यात. महिना ७,५०० रुपये, अनामत १५,०००. लेखी करार नाही. पैसे काकांच्या (मावशीच्या यजमानांच्या) बँक खात्यात यायचे. काका वारले आणि तेव्हापासून ८ महिने एक रुपया नाही. किरायदाराचं दुकान जोरात चालू आहे, म्हणजे अडचण पैशाची नाही. विचारलं की म्हणतो, "घर कुणाच्या नावावर ते आधी ठरवा." शेजारी सांगतात, बोअरची मोटार बंद करा, आठ दिवसांत जाईल. करार नसताना दावा चालतो का? नोटीस कुणाच्या नावाने द्यायची? किती दिवस लागतील?

बालाघाट

दादा, मोटारीला हात लावू नका, हे सगळ्यात आधी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९ : पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास यांतलं काहीही मालकाने तोडलं किंवा अडवलं तर किरायदार कोर्टातून ते परत चालू करून घेतो आणि मालकावर फौजदारी होते. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, तिथे बोअर बंद केलेली कोर्ट फार वाईट नजरेने बघतं. लाईट बिल मावशींच्या नावावर असेल तर तेही भरत राहा, वापर सबमीटरवर लिहून ठेवा.

कुलूप बदलणं त्याहून महागात पडतं. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवतो. त्या दाव्यात त्याने किराया थकवला होता का, हे कुणी विचारत नाही.

करार नसला तरी दावा चालतो. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबद्दल किरायदार म्हणेल ते खरं धरलं जातं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. तुमच्याकडे उलट सिद्ध करायला बँक खातं आहे. काकांचं खातं बंद करण्याआधी चार वर्षांचा शिक्का मारलेला खातेउतारा काढून घ्या. दर महिन्याला त्याच माणसाकडून ७,५०० जमा, यातून किरायदारी आणि रक्कम दोन्ही दिसतात. व्हॉट्सॲपवरचे निरोप असतील तर पुसू नका, तो मोबाईलही विकू नका. ते कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मांजरापट्टा

नोटिशीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक दावे तिथेच लंगडे होतात.

आधी "घर कुणाच्या नावावर" हे बघू. ज्याच्याकडून ताबा घेतला त्याची मालकी नाकारायची मुभा पुरावा कायदा किरायदाराला देत नाही. तरी त्याचं तोंड बंद करायला नोटीस मावशी आणि सगळी मुलं, अशा सर्व वारसांच्या नावाने द्या. सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडा आणि एका ओळीत स्पष्ट लिहा : आजपासून किराया या खात्यात भरावा. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड द्या. महापालिकेत आणि पीआर कार्डावर (सिटी सर्व्हेचा मालकी उतारा) वारस नोंदीचा अर्ज आजच टाका, पण नोंद होईपर्यंत नोटीस अडवून ठेवू नका.

नोटीस भाडे कायद्याच्या कलम १५(२) ची. तीत जागेचं वर्णन चतु:सीमेसह, महिन्याचा दर, थकलेले महिने नावानिशी आणि बेरीज : ८ × ७,५०० = ६०,०००. एवढंच मागा. लोक रागाच्या भरात दंड, लाईट बिल, रंगकामाचा खर्च, मनाने वाढवलेला किराया असं सगळं एकत्र मागतात. मग किरायदाराचा वकील "मागणीच चुकीची" या एका मुद्द्यावर वर्ष काढतो. लाईटचे पैसे वेगळ्या पत्राने मागा. अनामत कशात वळती करणार तेही लिहा (उदा. ताबा देताना हिशेबाने परत), नाहीतर "दोन महिने त्यातून कापा" हे उत्तर ठरलेलंच.

किती महिने थकले पाहिजेत अशी अट या कायद्यात नाही. जुन्या मुंबई कायद्यात सहा महिन्यांचा हिशेब असायचा, तो अजून लोकांच्या डोक्यात आहे. मराठवाड्यात तर त्याआधी हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. काही जुनी माणसं आजही "रेंट कंट्रोलरकडे जा" सांगतात. ३१ मार्च २००० पासून १९९९ चाच कायदा लागू आहे.

नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस पूर्ण झाल्यावरच दावा. लिहिल्याच्या तारखेपासून मोजू नका. ८८ व्या दिवशी टाकलेला दावा मुदतपूर्व म्हणून पडतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

तेरणाकाठ

ताई, खूप आभार. या ९० दिवसांत त्याने थोडे पैसे पाठवले तर घ्यायचे का? एक जण म्हणाला, घेतले की नोटीस रद्द होते.

मांजरापट्टा

घ्या. मनीऑर्डर तर अजिबात परत करू नका. "मी द्यायला तयार होतो, मालकच घेत नव्हता" हा पुरावा तुम्हीच त्याच्या हातात द्याल. कलम १५(१) चं बेदखलीपासूनचं संरक्षण किराया द्यायला तयार असणाऱ्यालाच आहे. त्याने ५,००० टाकले तर त्याच दिवशी लेखी कळवा : "अमुक महिन्याच्या थकबाकीपोटी, नोटिशीतले हक्क अबाधित ठेवून स्वीकारले." पावती द्या, स्थळप्रत ठेवा. अर्धवट पैशाने नोटीस मरत नाही. ९० दिवसांत सगळे ६०,००० आणि चालू किराया आला, तर मात्र थकबाकीच्या कारणावर दावा लावता येत नाही.

बालाघाट

पुढचं मावशींना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे नंतर निराशा नको. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी साध्या १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली, पुढे निकालापर्यंत नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर बेदखलीचा हुकूम होत नाही (कलम १५(३)). व्याज असं : ७,५०० वर महिन्याला ९३.७५. पहिल्या थकलेल्या महिन्याचे ८ महिने, दुसऱ्याचे ७, असे एकूण ३६ महिने, म्हणजे ३,३७५ रुपये. आज भरायचे झाले तर ६३,३७५, आणि दाव्याच्या वेळी त्याहून जास्त.

मुद्दाम टाळणारे बहुतेक इथे पैसे भरतात. पण "नियमित" हा शब्द सोडू नका. वकिलाला दर महिन्याचा तक्ता द्या : कोणता किराया, कोणत्या तारखेला भरला. खंड दिसला की लगेच अर्ज.

घराची खरंच गरज असेल (मुलाचं लग्न, शिक्षणासाठी गावाहून येणारी लेकरं), तर कलम १६(१)(छ) ची निकड त्याच दाव्यात घाला. तिथे पैसे भरून सुटता येत नाही. पण जास्त त्रास कुणाला होईल हे कोर्ट तोलतं, म्हणून नसलेली गरज लिहू नका. दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. किराया ३ वर्षांच्या आतलाच वसूल होतो, तेवढी मुदत सांभाळा.

गोदाथडी

एक सुचवतो. त्याच्याकडून आता ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (किरायदारी नाही, ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी) करार करून घ्या. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेला अधिकारी) काम लवकर होतं.

मांजरापट्टा

दादा, थकवणारा माणूस सही करणार नाही, आणि केली तरी "मी जुना किरायदार, हा कागद दिखाव्याचा" म्हणेल. पुढच्या किरायदारासाठी मात्र हाच मार्ग. राहण्याच्या जागेसाठी नोंदवलेला करार असेल तर मुदत संपताच अर्ज करता येतो, ३० दिवसांत त्याने विरोधाची परवानगी मागितली नाही तर हुकूम होतो, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट शुल्क. महिना ८,००० आणि अनामत २५,००० धरली तर ११ महिन्यांच्या करारावर मुद्रांक ०.२५ टक्के, म्हणजे दोन-तीनशे रुपये. नोंदणी फी शहरात १,०००. दुकानाच्या गाळ्याला हे कलम २४ लागत नाही.

तेरणाकाठ

शेवटचं. त्याने पोस्टमनकडून नोटीस घेतलीच नाही तर?

मांजरापट्टा

"घेण्यास नकार" असा शेरा आला तर नोटीस पोहोचली असंच धरतात. "घर बंद" आला तर दोन पंचांसमोर त्याच्या दारावर चिकटवा, तारीख दिसेल असा फोटो काढा, पंचांच्या सह्या घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ सहज मिळत नसल्यास तशी मुभा देतं. दुकानाच्या पत्त्यावरही एक प्रत पाठवा. परत आलेलं पाकीट फोडू नका, ते कोर्टातच उघडायचं असतं.