आजोबांचा शोध: लातूर नाही, बीदर टाकून बघा

ताई, आजोबा उदगीरकडचे, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत गेले आणि बोटीबरोबरच बुडाले, एवढंच घरात ठाऊक आहे असं तुम्ही लिहिलंय. पण युद्धातल्या मृतांच्या नोंदींत आजचा जिल्हा म्हणून 'लातूर' हा शब्द टाकून शोधल्यावर काय हाती लागणार? लातूर जिल्हाच मुळी 1982 चा. महायुद्धाच्या वेळी उदगीर निजामाच्या हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात. 'बीदर' आणि 'हैदराबाद' टाका. त्यातही मेख आहे, सिंधमध्येही एक हैदराबाद आहे!

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरून करा, फुकट आहे. आडनावाचा हट्ट सोडा. कारकुनाच्या कानावर जे पडलं ते त्यानं इंग्रजीत उतरवलं, त्यामुळे विठोबाचा 'विट्टोबा'ही झालेला असू शकतो.

शिवाय आपल्याकडची म्हातारी माणसं बोटीवर गेलेल्या कुणालाही नेव्हीवालाच म्हणायची, मग तो मालवाहू बोटीवरचा खलाशी का असेना. तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही आणि मर्चंट नेव्ही, दोन्हींत शोधा. बोटीचं नाव कळलं तर निम्मं काम झालं. रॉयल इंडियन नेव्हीची 'पठाण' जून 1940 मध्ये मुंबईजवळच बुडाली; 'तिलावा' ही प्रवासी बोट नोव्हेंबर 1942 मध्ये जपानी पाणबुडीनं बुडवली.

आणि हो, आजीच्या पेटीत उर्दू कागद असतील तर रद्दी समजून टाकू नका. त्यावरचं साल बहुधा फसली, म्हणजे निजामाच्या राज्यात सरकारी कामात चालणारं साल, असेल; इसवी सन काढायला त्यात 590 मिळवा. 1352 फसली म्हणजे 1942-43. वाचून घ्यायला जुन्या दस्तांची कामं करणारा एखादा वकील गाठा.