अनुभव धागा: ऐतिहासिक कादंबरीशेजारी चरित्र ठेवून वाचताना

सध्या काय वाचताय असं विचारलं की बहुतेक उत्तरं 'छान आहे, जरूर वाचा' इथवर येऊन थांबतात. इथे त्यापुढचं हवं आहे. एकाच व्यक्तीवरची किंवा एकाच घटनेवरची कादंबरी आणि चरित्र अलीकडे वाचलं असेल, तर दोन्ही कुठे जुळत नाहीत, का जुळत नाहीत आणि वाचताना काय केलं म्हणजे घोळ होत नाही, ते लिहा. मत परखड असलं तरी चालेल, फक्त कशावरून ते सांगा.

* * *

विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) वाचणाऱ्यांसाठी पहिली सूचना: आधी कागदावर नकाशा काढा. यमुना उत्तर-दक्षिण ओढा आणि तिच्या पश्चिमेला वरून खाली कुंजपुरा, पानिपत, दिल्ली एवढे बिंदू मांडा. दिल्लीच्या थोडं वर, नदीच्या पूर्वकाठी बागपत. एवढं पुरतं.

हे का करायचं? दक्षिणेतून गेलेलं सैन्य म्हणजे त्याची पाठ दक्षिणेला, असं वाचणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात उलट झालं होतं. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला, म्हणजे ते दिल्लीच्या बरेच वर गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून पश्चिमकाठी आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधे उभा राहिला. त्यानंतर मराठ्यांचं तोंड दिल्लीकडे, म्हणजे घराकडे, आणि वाट अडवलेली. पुढची उपासमार, डिसेंबरात रसद पुरवणारे मराठा सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची तुटलेली आशा आणि १४ जानेवारी १७६१ ला काहीही करून वाट फोडायचा निर्णय, हे सगळं या एका उलट्या मांडणीतून येतं. नकाशा नसेल तर भाऊ निव्वळ हट्टी वाटतात. तो असेल तर त्यांच्यापुढे किती कमी पर्याय उरले होते ते दिसतं.

कादंबरी संपली की इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड (१८९८) चाळा. त्यात याच काळातली पत्रं आहेत. सलग वाचायचा तो ग्रंथ नव्हे. कादंबरीतला एखादा प्रसंग घ्यायचा आणि त्याच्या आसपासच्या तारखांची पत्रं तेवढी काढायची. पत्रांतली भाषा कोरडी, हिशेबी आहे, आणि तरी त्यातली चिंता अंगावर येते.

* * *

वरच्या प्रतिसादात 'तारखांची पत्रं काढा' म्हटलं आहे, पण पत्रांवर आपल्या ओळखीची तारीख नसते. शक आणि तिथी असते, नाहीतर सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी धर्तीची वर्षगणना) असतो. त्यामुळे हिशेब आधी समजून घ्यावा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण इसवी सन जानेवारीत बदलतो आणि शक चैत्रात, म्हणून शकवर्षाच्या शेवटच्या भागासाठी, म्हणजे जानेवारीपासून पुढे, ७९ मिळवायचे. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी: १५९६ अधिक ७८ म्हणजे १६७४. जेधे शकावलीतली (जेधे घराण्याची घटनांची वर्षवार टिपणं) शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया: इथे ७९ मिळवून १६३०. सरसकट ७८ धरणारा इथे १६२९ काढतो आणि पुस्तकालाच चूक म्हणतो. पौषात नेमकी तिथी पाहिल्याशिवाय आकडा ठरवू नये.

सुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतो. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा. तो अरबी शब्दांत लिहितात आणि एकक आधी येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. पानिपतचा जानेवारी याच सालातला: ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. एकदा हाताने केलं की पुन्हा विसरत नाही.

तिसरी अडचण जास्त फसवी आहे. सतराव्या शतकात इंग्रज वखारवाले जुनी, ज्यूलियन तारीख लिहीत आणि पोर्तुगीज नवी, ग्रेगोरियन. दोन्हींत १० दिवसांचा फरक. म्हणून शिवजन्म एका पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३० आणि दुसऱ्यात १ मार्च १६३० दिसतो. दिवस एकच आहे. गोव्याचं पत्र आणि सुरतेचं पत्र यांत कोणी आधी काय कळवलं हे ठरवताना हे दहा दिवस विसरले की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

* * *

नावांचाही घोळ होतो. पेशवाईत तीन बाळाजी लक्षात ठेवा: बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव (नानासाहेब) आणि बाळाजी जनार्दन (नाना फडणवीस). कादंबरीतल्या संवादात नुसतं 'नाना', 'भाऊ', 'दादा' येतं, सूचीत मात्र पूर्ण नाव. पहिल्या पन्नास पानांतच हाक आणि पूर्ण नाव यांची जोडी पुस्तकखुणेच्या मागे लिहून ठेवावी.

* * *

संभाजीराजांवर वाचायचं असेल तर क्रमाला फार महत्त्व आहे. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. तिच्या आधी वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र (१९६०) आणि कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलेलं होतं. जुन्या नाटक-कादंबऱ्यांतला व्यसनी, अविचारी संभाजी कुठून आला, हे बेंद्र्यांशिवाय कळत नाही.

त्या चित्राचं एक मोठं मूळ म्हणजे मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती राजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. शिवाय लिहिणारा शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातला, आणि बाळाजी आवजींना संभाजीराजांनीच १६८१ मध्ये देहदंड दिला होता. बखर हातात घेताना हे दोन प्रश्न आधी विचारायचे: घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, आणि लिहिणाऱ्याच्या घराचा त्या घटनेशी काय संबंध? चिटणीस बखर दोन्हींवर अडखळते. सभासदाची बखर घटनांच्या बरीच जवळची आहे, पण ती राजारामांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिलेली. म्हणजे दोन भावांमधल्या वारशाच्या प्रश्नात ती तटस्थ मानता येत नाही.

'छावा'बद्दल माझं मत: भावनेचा जोर जबरदस्त आहे, आणि तोच तिचा धोका आहे. जुन्या अन्यायाची भरपाई करताना राजांच्या मोगल सरदार दिलेरखानाकडे जाण्यासारख्या अवघड निर्णयाचं टोक बोथट होतं. तो निर्णय अवघड म्हणूनच वाचावा, त्यात राजांची उंची कमी होत नाही.

* * *

थोडक्यात एक भर. 'गड आला पण सिंह गेला' आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे ह. ना. आपट्यांच्या याच नावाच्या कादंबरीनेच घराघरांत नेलं. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आधीच आहे आणि तानाजींची लढाई १६७० ची. घोरपड पोवाड्यातून आली, सभासद बखरीत ती नाही. तानाजींचं शौर्य या दोन गोष्टींवर अवलंबून नाही, म्हणून त्या काढून टाकताना हात आखडायचं कारण नाही.

* * *

'राऊ' आणि 'स्वामी' लागोपाठ वाचल्या की कागदपत्रांतल्या पोकळ्या भरण्याच्या दोन रीती दिसतात.

'राऊ'त ना. सं. इनामदारांपुढे मस्तानी आहे. समकालीन कागदांत तिचे उल्लेख मोजके. तिचं बोलणं, मन, सगळं लेखकाने उभं केलेलं. इथे 'हे खरं का?' असं पानोपानी विचारण्यात अर्थ नाही. उल्लेख आहेत ते जागेवर आहेत का, एवढंच तपासावं.

'स्वामी'त (१९६२) उलट स्थिती आहे. माधवरावांच्या कारभाराचे कागद भरपूर, पण रणजित देसायांनी जीव ओतलाय तो रमा-माधव आणि काका-पुतणे या नात्यांत. त्यामुळे कादंबरी मिटल्यावर माधवराव जिथे गेले ते थेऊर आठवतं आणि राज्यकर्ता मागे पडतो. उपाय सोपा: चार सालं समोर ठेवा. १७६१ पेशवाईची वस्त्रं, १७६३ राक्षसभुवन (निजामावर विजय), १७६८ धोडप (काका रघुनाथरावांचा पराभव), १७७२ थेऊर. वय सोळा ते सत्तावीस. पानिपतानंतरची ही अकरा वर्षं अशी मांडली की त्या आजारी तरुणाच्या कामाचा आवाका कळतो आणि मग थेऊरचं प्रकरण दुप्पट हलवतं.

* * *

पेशवाईबाहेर येऊ या. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' (१९६८) वाचताना काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र व पत्रे जवळ हवंच, आणि नंतर अंजली कीर्तन्यांचं चरित्र. कादंबरीच्या नावातच दोघं आहेत आणि गोपाळराव इतके ठसठशीत की आनंदीबाई त्यांनी घडवलेली व्यक्ती वाटू लागते. पत्रांत ती स्वतः बोलते. १८८३ ला नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला निघालेली, ११ मार्च १८८६ ला डॉक्टरीची पदवी मिळवलेली, २६ फेब्रुवारी १८८७ ला बावीस वर्षंही पूर्ण न होता गेलेली ही बाई स्वतःचे निर्णय स्वतः तोलत होती. कादंबरीतल्या गोपाळरावांचा एखादा लांब प्रवेश संपला की त्याच महिन्यातलं तिचं पत्र शोधा. दोन आवाज वेगळे ऐकू येतात.

* * *

चरित्रांबाबत आवृत्ती पाहिल्याशिवाय मत देऊ नये. धनंजय कीरांचं आंबेडकरचरित्र पहिल्यांदा इंग्रजीत १९५४ ला आलं, बाबासाहेब हयात असताना. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा त्यात असणं शक्यच नव्हतं, ती पुढच्या आवृत्तीत आली. कीर एका खंडात धावता पट देतात. चां. भ. खैरमोड्यांचे बारा खंड म्हणजे कागदपत्रांचं भांडार. आधी कीर वाचा, मग एखादाच विषय, समजा महाडचा सत्याग्रह, घेऊन खैरमोड्यांकडे जा. उलट क्रमाने गेलेला वाचक दुसऱ्या खंडाच्या आसपास थकतो.

न. चिं. केळकरांच्या तीन खंडांच्या टिळकचरित्रात वेगळी गोष्ट सांभाळायची. लेखक 'केसरी'तला, टिळकांच्या अगदी जवळचा. आतली माहिती त्यामुळेच मिळते. पण टिळक-आगरकर वादाची प्रकरणं वाचताना आगरकरांचे लेख शेजारी ठेवा. तिथे एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूची बाजू सांगतो आहे.

* * *

शेवटी एका कादंबरीची शिफारस: नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (१९९७). बखरीचाच घाट घेऊन लिहिलेली, आणि सांगणारा अंताजी पूर्ण विश्वासाचा नाही हे वाचकाला कळत राहतं. वर बखरींना विचारायचे दोन प्रश्न सांगितले आहेत, ते अंताजीलाही विचारत वाचा. अठराव्या शतकातला बंगाल मराठी माणसाच्या नजरेतून पाहायला मिळतो. बारगीरांच्या, म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या, स्वाऱ्यांची तिकडची आठवण किती कडवट आहे, हे आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही.